पहिली सपाट पाटी कुठून आली?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने लेथवर का बोलावं, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. पण धातू कापणाऱ्या यंत्रांचा इतिहास उलगडायला घेतला, की थोड्याच वेळात आपण न्यायशास्त्राच्या वर्गात येऊन बसतो. तो रस्ता कसा जातो, हे दाखवावं एवढाच आजचा हेतू.

घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये, कधी तळघरात, पन्नास-सत्तर वर्षांचा जुना लेथ आणून तो पुन्हा चालता करणारी माणसं जगभर आहेत. इंग्लंडात आणि अमेरिकेत ही मोठी परंपरा आहे. ही माणसं गंज काढतात, झिजलेले भाग नवे करतात, जुन्या यंत्राला नवी मोटर बसवतात. आता प्रश्न असा, की हे सगळं करून झाल्यावर समोर जे उभं राहतं ते जुनं यंत्र असतं की नवं? आणि त्यात जपण्यासारखं नेमकं काय होतं? याचं उत्तर शोधायचं तर आधी हे यंत्र जन्माला कसं आलं ते पाहावं लागेल.

लेथचं काम सोपं आहे. काम फिरतं आणि हत्यार सरकतं. चकमध्ये लोखंडाची कांब धरायची, ती फिरवायची, आणि बेडवरून सरकणाऱ्या कॅरेजवरचं हत्यार तिच्यावर टेकवायचं. पण यात एक मेख आहे. बेड सरळ असेल तरच कांब सरळ कापली जाणार. लीडस्क्रूचे आटे अचूक असतील तरच त्यावरून पाडलेले आटे अचूक येणार. लेथ आपला गुण तर कामाला देतोच, पण आपला दोषही देतो. मग अचूक लेथ बनवायचा कशावर? त्याच्याहून अचूक लेथवर. आणि तो कशावर बनवला? इथे आपण थेट अनवस्थेत जाऊन पडतो. प्रत्येक प्रमाणाला आणखी एक प्रमाण लागतं आणि साखळी कुठे थांबतच नाही. नैयायिकांनी हा दोष मानला. पण इतिहासात ही साखळी प्रत्यक्षात थांबली, आणि ती कशी थांबली हे बघण्यासारखं आहे.

हेन्री मॉड्सली यांचं नाव इथे घ्यावं लागतं. जन्म १७७१, वूलिच. अठराव्या वर्षी ते लंडनमध्ये जोसेफ ब्रामा यांच्या कुलपांच्या कारखान्यात लागले आणि लवकरच तिथले मुख्य कारागीर झाले. आठवड्याला तीस शिलिंग मिळत. संसार वाढला, त्यांनी पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली, तेव्हा १७९७ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. त्याच सुमाराचा त्यांचा आटे पाडण्याचा लेथ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. आता, असा लेथ पहिल्यांदा त्यांनीच केला असं म्हणणं बरोबर नाही. रशियात पीटर द ग्रेट यांच्या पदरी असलेल्या आंद्रेई नार्तोव्ह यांनी हत्यार यंत्रात धरणारे लेथ आधीच केले होते. जेसी रॅम्सडेन यांनी १७७० च्या दशकात उपकरणांसाठी उत्तम स्क्रू पाडले होते. मॉड्सली यांनी काय केलं, तर सगळा सांगाडा धातूचा घेतला आणि लीडस्क्रू, बदलता येणारे गिअर आणि सरकणारं हत्यार हे तीन एकत्र आणून ते रोजच्या कामाचं यंत्र केलं.

पण लीडस्क्रू आणला कुठून? त्यांनी लाकडाचा किंवा कथिलासारख्या मऊ धातूचा दंडगोल घेतला, त्याच्यावर ठरावीक कोनात कलती धरलेली धारदार सुरी टेकवली आणि दंडगोल फिरवला. सुरी स्वतःच कडेकडेने सरकत गेली आणि मळसूत्र उमटलं. असे स्क्रू करायचे, त्यांतला सर्वांत चांगला निवडायचा, त्यातली चूक शोधून कमी करायची, आणि त्याच्यावरून पुढचा करायचा. खगोलशास्त्रीय उपकरणांच्या पट्ट्या आखण्यासाठी त्यांनी केलेला एक स्क्रू प्रसिद्ध आहे. पाच फूट लांब, इंचाला पन्नास आटे, आणि त्यावरचा नट बारा इंचांचा, म्हणजे एकाच वेळी सहाशे आटे एकमेकांत बसणार. इतके आटे एकदम धरले की एखाद्या आट्यातली चूक बाकीच्यांच्या सरासरीत विरून जाते. म्हणजे बघा, चुका असलेल्या साधनांतून कमी चुकीचं साधन बाहेर काढायचं तंत्र त्यांनी बसवलं.

तरीही बेडचा प्रश्न उरतोच. सपाट आणि सरळ पृष्ठभाग कुठून आणायचा? मॉड्सली यांच्या कारखान्यात कारागिरांच्या बाकावर सपाट लोखंडी पाट्या ठेवलेल्या असत. हातातलं काम वेळोवेळी त्यांच्यावर टेकवून तपासायचं, अशी शिस्त होती. १८२९ पासून तिथे काम केलेल्या जेम्स नॅस्मिथ यांनी आपल्या आत्मचरित्रात याचं वर्णन केलं आहे. आणि याच कारखान्यात काही वर्षं काढलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे सपाट धातूपृष्ठांवर निबंध वाचला. तीन पाट्यांच्या पद्धतीचं श्रेय मॉड्सली यांच्या कारखान्याला द्यायचं की व्हिटवर्थ यांना, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. आपल्याला आज पद्धतीशी काम आहे.

दोन पाट्या घ्या. एकीला निळा रंग अगदी पातळ लावा आणि दुसरी तिच्यावर घासून उचला. जिथे निळं लागलं ते उंचवटे. ते स्क्रेपरने खरवडून काढा, पुन्हा टेकवा, पुन्हा खरवडा. हळूहळू दोन्ही पाट्या एकमेकींवर तंतोतंत बसतील. मग त्या सपाट झाल्या का? नाही. एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या तंतोतंत बसतात. वाटी आणि तिच्यात बसणारा गोळा यांचंही जमतंच की. दोघी एकमेकींची साक्ष देताहेत, म्हणून दोघी खऱ्या ठरत नाहीत. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात.

आता तिसरी पाटी आणा. पहिली दुसरीशी जुळवा, दुसरी तिसरीशी, आणि मग तिसरी पहिलीशी. समजा पहिली फुगीर आहे. मग तिच्याशी जुळणारी दुसरी खोलगट असणार, आणि दुसरीशी जुळणारी तिसरी फुगीर. आता पहिली आणि तिसरी समोरासमोर आणा. दोन्ही फुगीर! त्या बसणार नाहीत, मध्येच टेकतील आणि निळा डाग तिथेच दिसेल. तिन्ही पाट्या प्रत्येक जोडीत जुळायच्या असतील तर एकच शक्यता राहते, तिन्ही सपाट. यात पाटी नव्वद अंशांत फिरवूनही बघावी लागते, नाहीतर पृष्ठभागातला पीळ लपून राहतो. पण तत्त्व हेच. बाहेरून कुठलंही प्रमाण न आणता, तीन वाकड्या वस्तूंमधून सपाटी तयार होते.

एखादा कसलेला नैयायिक इथे हरकत घेईल. म्हणेल, दोघांत अन्योन्याश्रय होता, तिघांत आणलात तर चक्रक झाला, दोष गेला कुठे? या हरकतीचा आम्ही बराच विचार केला आहे. आमचं उत्तर असं. वादात विधानं एकमेकांना नुसता आधार देत असतात, आणि वर्तुळ कितीही वेळा फिरलं तरी त्यात नवं काही येत नाही. पाट्यांच्या वर्तुळात प्रत्येक फेरीला वस्तू नकार देऊ शकते. पाटी बसत नाही, डाग भलतीकडे उमटतो, आणि मग धातू प्रत्यक्ष कमी करावा लागतो. म्हणजे हे वर्तुळ चुका वगळत जाणारं आहे. अनवस्था थांबली ती एखादं स्वयंसिद्ध प्रमाण सापडल्यामुळे थांबली नाही. परस्परांची तपासणी आणि दुरुस्ती यांनी ती थांबवली.

व्हिटवर्थ यांचा मुख्य आग्रह खरवडण्याचा होता. त्याआधी पृष्ठभाग एकमेकांवर वाळूसारखी कुरुंद पूड घालून घासत. पण पूड कुठे साचेल, कुठे जास्त कापेल, यावर कारागिराचा ताबा नसतो. स्क्रेपर मात्र जिथे टेकवाल तिथलाच धातू काढतो, तोही एका हाताला काही मायक्रॉन. काम धीमं असतं, पण कुठे काय काढलं हे कळत राहतं.

आता आपण घरच्या कारखान्याकडे येऊ. छंद म्हणून लेथ बाळगणं आधी श्रीमंतांचं होतं. लंडनमध्ये हॉल्टझॅप्फेल घराण्याचे नक्षीकामाचे लेथ सरदार-उमराव विकत घेत. ते चित्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पालटलं. जानेवारी १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनहून ‘मॉडेल इंजिनिअर’ हे मासिक सुरू केलं, आणि कारकून, शिक्षक, कामगार अशा माणसांसाठी घरी यंत्रकाम करण्याची एक शाळाच उघडली. गिल्डफर्डजवळच्या ड्रमंड बंधूंचे छोटे लेथ पायाने चालवता येत, म्हणजे शिवणयंत्रासारखे, त्यामुळे घरात वीज नसली तरी अडत नसे. अमेरिकेत ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ मध्ये इंडियानातल्या साउथ बेंड गावी लेथचा कारखाना काढला. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन इथे १९३४ मध्ये मायफर्ड सुरू झाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच तिचा ‘एमएल ७’ आला. घरगुती कारखान्यातला इंग्लंडचा लेथ म्हटलं की आजही बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तोच येतो. तो जुना कारखाना २०११ मध्ये बंद झाला, सामानाचा लिलाव झाला. यंत्रं मात्र शेडमधून चालूच आहेत.

आपल्याकडेही या इतिहासाचा एक धागा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर केला, १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली. तिचे लेथ देशभरच्या कारखान्यांत आणि आयटीआयच्या वर्गांत गेले. ती यंत्रं आज भंगाराच्या भावाने, म्हणजे किलोवर, विकली जातात. ओतीव लोखंडाचा भाव तेवढा मिळतो. बेडची सरळ रेषा वजनात भरत नाही.

जुना लेथ घरी आणल्यावर जाणकार माणूस काय करतो? रंगाचा डबा उघडत नाही. आधी लेथ वाचतो. आमच्या मते हे काम हुबेहूब इतिहासकाराचं आहे. बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. बहुतेक कामं आखूड असतात, ती चकजवळच होतात, म्हणून चकजवळचा भाग जास्त झिजतो आणि टेलस्टॉककडचं टोक जवळजवळ कोरं राहतं. त्याची खूण अशी, की चकजवळ कॅरेज ढिली वाटते म्हणून जिब आवळावी, तर तीच कॅरेज दुसऱ्या टोकाला अडकते. आधीचा मालक काय काम करत होता, किती वर्षं करत होता, हे झिजेवरून सांगता येतं.

पण साक्ष तपासूनच घ्यावी लागते. कांब एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक कापली गेली, की लगेच बेड झिजला म्हणतात. कित्येकदा बेड झिजलेला नसतोच, तो पिळलेला असतो. लेथचे चार पाय असमान जमिनीवर बोल्टने आवळले की ओतीव लोखंडसुद्धा पिळतं. म्हणून आधी चांगली स्पिरिट लेव्हल बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोकं बघायची आणि पायांखाली पातळ पत्र्याचे तुकडे सारून पीळ काढायचा. मग एका कांबेवर थोड्या अंतराने दोन कडी ठेवायची, दोन्ही एकाच फेरीत हलक्या हाताने कापायची आणि मायक्रोमीटरने मोजायची. इथवर आल्यावर उरलेला फरक हा झिजेचा असेल तर मग स्क्रेपर हातात घ्यायचा.

आणि तेव्हा शोध असतो न झिजलेल्या जागेचा. हेडस्टॉकच्या खाली, बेडच्या अगदी टोकाला, जिथे कॅरेज कधी पोचलीच नाही, तिथे कारखान्यातून निघतानाची मूळ पातळी शाबूत असते. तीच साक्षीदार. तिच्या आधाराने बाकीचा बेड पुन्हा सरळ करायचा. ही जागा कोणी हौसेने ग्राइंडर फिरवून चकचकीत केली, की तो लेथ आपलं मूळ विसरला. नवा रंग मारलेला, गुळगुळीत घासलेला, फोटोत सुंदर दिसणारा आणि आतून साक्ष पुसलेला लेथ बाजारात पुष्कळ मिळतो. जुन्या देवळांवर ऑइल पेंट मारून शिलालेख बुजवतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे. एडवर्ड कॉनेली यांनी १९५५ मध्ये यंत्रांच्या पुनर्बांधणीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. हे काम करणारे लोक आजही तो उघडून बसतात, कारण कुठला पृष्ठभाग आधी आणि कुठला नंतर करायचा याचा क्रम त्यात आहे. क्रम चुकला की मागचं सगळं काम वाया जातं.

आता राहिला बदलांचा प्रश्न. काही मंडळी म्हणतात, जुन्या यंत्रात काहीही बदलू नये. आम्हाला हे पटत नाही. ही यंत्रं नेहमीच बदलत आली. जो लेथ पायाने चालत होता त्याला मोटर लागली, जो लाइनशाफ्टच्या चामडी पट्ट्यावर होता त्याला स्वतंत्र मोटर आली. आज घरच्या सिंगल फेज विजेवर थ्री फेज मोटर चालवणारं व्हीएफडी बसवतात, वेग बटणावर कमी-जास्त होतो. सोय मोठी आहे. पण बदल करताना मूळ रचनेतले नातेसंबंध ओळखावे लागतात. एमएल ७ चा स्पिंडल पांढऱ्या धातूच्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्याचा कारखान्याने ठरवलेला कमाल वेग मिनिटाला ६४० फेरे. बटण फिरवून तो दुप्पट करता येईल, पण बेअरिंगला ते मानवेलच असं नाही. आणखी एक. या लेथवर चक आट्यांवर बसतो. व्हीएफडीने स्पिंडल झटकन थांबवला किंवा उलटा फिरवला, तर जडत्वामुळे चक आट्यांवरून सुटू शकतो. जुन्या पट्ट्याला अशी झटपट ताकदच नव्हती, म्हणून तिथे हा धोका क्वचित येई. नवी सोय जुन्या गृहीतकावर येऊन आदळते, ती अशी.

बदलाचं सगळ्यात शहाणं उदाहरण म्हणजे १२७ दात्यांचा गिअर. इंचाच्या लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडायचे कसे? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजे १२७ भागिले ५. आणि १२७ ही मूळ संख्या, तिचे तुकडे पाडता येत नाहीत, म्हणून १२७ दात्यांचं चाकच लागतं. ते छोट्या लेथवर मावत नसेल तर १०० आणि १२७ च्या जोडीऐवजी ६३ आणि ८० अशी जोडी घेतात, चूक मीटरला सुमारे आठवा हिस्सा मिलिमीटर. घरच्या कामाला ती चालते. गंमत म्हणजे हा २५.४ आकडा निसर्गातून आलेला नाही. इंग्लंडचा जुना इंच त्याहून अगदी किंचित कमी होता आणि अमेरिकेचा किंचित जास्त. उद्योगांनी आधी सोयीसाठी हा आकडा वापरला आणि १९५९ मध्ये इंग्रजीभाषक देशांच्या करारात तो पक्का झाला. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली, पण इंची लेथ काही एका रात्रीत मेट्रिक झाले नाहीत. एका चाकाच्या भरवशावर त्यांनी पुढची कित्येक वर्षं दोन्ही भाषा बोलल्या. आणि हे चाक काढून ठेवलं की लेथ पुन्हा जसाच्या तसा. बेडला भोक नाही, ओतकामाला कापाकापी नाही.

यावरून आम्ही तीन कसोट्या सुचवतो. बदल परत फिरवता येतो का? पृष्ठभागांचे मूळ संबंध त्याने बिघडतात का? आणि काय केलं याची नोंद पुढच्या माणसासाठी ठेवली आहे का? अर्थात यालाही मर्यादा आहे. मॉड्सली यांच्या लेथवर आज कोणी कांब कापू नये, तो एकमेव पुरावा आहे. हजारोंनी निघालेला एमएल ७ किंवा हरिहरचा लेथ काचेच्या कपाटात ठेवण्यात मात्र अर्थ नाही. त्याने काम करावं.

सुरुवातीचा प्रश्न आठवतो ना, जुनं यंत्र की नवं? ‘मिलिंदपञ्हो’मध्ये भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? चाक रथ आहे? आस रथ आहे? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि अखेर हे सगळे अवयव एकमेकांच्या आधाराने असले की त्याला रथ हे नाव मिळतं, असं ठरतं. लेथचंही तसंच आहे, फक्त इथे तो आधार मोजता येतो. स्पिंडलचा अक्ष बेडला समांतर आहे, आडवी सरक त्याला काटकोनात आहे, टेलस्टॉक त्याच रेषेत आहे. मोटर बदलली, गिअर बदलला, बेअरिंग नवं ओतलं, तरी हे संबंध पुन्हा जुळवले तर लेथ तोच. सगळे मूळ भाग आणि मूळ रंग शाबूत असून हे संबंध गेले असतील, तर उरतं ते वजन.

आणि हे संबंध कुणीतरी हाताने जुळवलेले असतात. त्या कारागिरांची नावं आपल्याकडे नाहीत. मॉड्सली आणि व्हिटवर्थ यांची नावं ग्रंथांत आली, पण पाटीवर निळा रंग लावून आठवडेच्या आठवडे खरवडत बसलेल्या माणसाची सही फक्त बेडवरच्या त्या बारीक चंद्रकोरीसारख्या खुणांत असते. ती सही वाचणारी आणि पुन्हा तशी करता येणारी माणसं आता थोडी राहिली आहेत. आपल्या गावात असा एखादा म्हातारा फिटर असेल, तर त्याच्या शेजारी महिनाभर बसा. काय विचारायचं ते सुचलं नाही तरी हरकत नाही, निळा रंग किती पातळ लावायचा इथपासून सुरुवात करा. पुस्तकात तेवढं एक नीट सांगता येत नाही.

इथे थांबतो.